हाकोपाच्या ओळी

"वाऱ्यानं एकदा पाडलंय ना त्याला, मग तू आणखी कशाला लाथा मारतोस?" मी म्हणाले.

हाकोपा थांबला नाही. आडव्या झालेल्या पाइनच्या बुडाशी तो बुटाच्या टाचेने माती उकरत होता आणि माती नेहमीसारखी मुकाट्याने बाजूला होत होती. आमची माती तशीच आहे. पांढरट, रवाळ, मूठभर उचलली तर मूठ रिकामीच आहे की काय असं वाटावं इतकी हलकी. कधीकाळी ज्वालामुखीचा डोंगर फुटला आणि ही आभाळातून पडली. तिच्यातले मोठे खडे नदीत टाकले तर ते तरंगत तरंगत पार सरोवरापर्यंत जातात, आणि आमच्या बायका त्यांनीच टाचा घासतात.

"पाण्यावर तरंगते ती काय झाड धरणार?" हाकोपा म्हणाला. "पोकळ माल आहे सगळा. प्युमिस म्हणे. बघ हुरिया, तूच बघ."

"इतकी वर्षं तर तू उलटंच सांगत होतास. अशी माती जगात नाही, फावडं आपोआप आत जातं, आपण नुसता हात लावायचा."

"ते फावड्याचं झालं. मी झाडाचं बोलतोय."

गाडीच्या खिडकीतून रिपेकाने हाक मारली, "अरे, उपटून दाखव तिला एखादं, म्हणजे तिची खात्री पटेल. ती अशी ऐकणारी नाही." रिपेका म्हणजे हाकोपाची बायको आणि माझी मामेबहीण. वारं बोचरं होतं म्हणून ती गाडीतून उतरली नव्हती, पण तिचा आवाज सगळ्या पठारावर उतरून फिरत होता.

मार्च संपता संपता उत्तरेकडून वादळ आलं होतं. दोन दिवस पाऊस आणि तिसऱ्या दिवशी वारा. तो थांबल्यावर बघतो तर वरच्या पठारावरची सहा-सात वर्षांची झाडं ओळीच्या ओळी एकाच कुशीवर कलंडलेली. मोडलेली नाहीत, नुसती आडवी. त्या दिवसापासून आमच्या कुळात एकच विषय होता. आणि सगळ्यांनी विचारायचं कुणाला, तर हाकोपाला. तो म्हणाला, माती पोकळ आहे. मग दुकानात, चर्चबाहेर, पेट्रोल पंपावर सगळेच म्हणायला लागले, माती पोकळ आहे.

त्याला विचारलं यात नवल नव्हतं. हाकोपाने उभा जन्म झाडं लावली. सोळाव्या वर्षी तो रोपं लावणाऱ्यांच्या टोळीत गेला आणि गुडघ्यांनी राजीनामा दिला तेव्हा परत आला. कंबरेला रोपांची पिशवी, हातात फावडं, आणि सकाळच्या गोठलेल्या दंवात तो सगळ्यांच्या पुढे. टोळीत त्याला मशीन म्हणत. दुसऱ्या टोळ्यांतली पोरं सुट्टीच्या दिवशी नुसती त्याला बघायला यायची. झोपेतसुद्धा तो टाचेने माती दाबायचा आणि रिपेकाच्या पोटऱ्यांवर वळ उठायचे, हे तिनेच मला सांगितलंय, तक्रारीच्या सुरात आणि तोऱ्यात.

माझा नवरा केरेआमा त्याच टोळीत होता. त्याला गोगलगाय म्हणत. हे नाव हाकोपानेच ठेवलेलं. संध्याकाळी सगळे गाडीत बसून वाट बघायचे आणि केरेआमा आपला शेवटची रोपं लावत असायचा. आमच्या लग्नातसुद्धा हाकोपाने भाषणात सांगितलं, नवरदेव उशिरा आला तर समजून घ्या, तो चर्चपर्यंत नीट टाच दाबत येतोय. सगळे हसले. केरेआमाही हसला. मला मात्र हसू आलं नव्हतं, आणि अजून येत नाही.

हे वरचं पठार आमच्या कुळाचं. आमच्या पणजोबांच्या काळात सरकारने घेतलं आणि तीन पिढ्या भांडल्यावर परत मिळालं. परत मिळाल्यावरच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही आपल्या हाताने तिथे पाइन लावले. परक्यांच्या रानात ज्यांची हाडं झिजली ते सगळे म्हातारे पुन्हा पिशव्या बांधून आले. मधलं सपाट मैदान हाकोपाने घेतलं. घळीच्या कडेचा वेडावाकडा पट्टा कुणालाच नको होता, तो केरेआमाच्या वाट्याला आला. त्यानंतर दोन वर्षांनी केरेआमा गेला.

हाकोपाने गाडीच्या मागून फावडं आणलं. मला मातीचा नाकर्तेपणा दाखवायचा म्हणून त्याने त्या पडलेल्या पाइनच्या मुळांभोवती खणलं आणि फावड्याची तरफ करून मुळं वर उचकटली. माती झडली. मग त्याने मुळं हाताने चाचपली.

मुळं खाली गेलेलीच नव्हती. जमिनीच्या आत वीतभर जाऊन ती हॉकीच्या काठीसारखी वळली होती आणि आडवीच वाढली होती. सगळी एकाच बाजूला, गुंता होऊन.

रोप लावायची रीत कुणालाही शिकवता येते. फावड्याचा एक घाव, मग वळून दुसरा, भोक मोकळं करायचं, रोप खोल सोडायचं, आणि टाच मारण्याआधी ते चिमटीत धरून जरासं वर ओढायचं. त्या ओढण्याने मुळं सरळ होऊन खाली लोंबतात. चिकण मातीत दुसरा घाव घातल्याशिवाय रोप आत जातच नाही, म्हणून तिथला आळशी माणूसही नीट लावतो. आमच्या मातीत मात्र एका घावात फट पडते. त्या फटीत पात्याच्या टोकाने मुळं कोंबायची, टाच मारायची, पुढे जायचं. वरून दोन्ही रोपं अगदी सारखी दिसतात. तपासणारा येऊन शेंडा ओढून बघतो तेव्हाही रोप हलत नाही. वाकड्या मुळांची रोपं वाढतातही झकास, फक्त सहा-सात वर्षांनी अंगात वजन आलं की पहिल्या मोठ्या वाऱ्यात बसतात खाली.

हे मला कसं माहीत, तर केरेआमा घरी येऊन जेवताना दुसरं काही बोलायचाच नाही.

हाकोपाने दुसऱ्या झाडाची मुळं उचकटली. मग वेगळ्या ओळीतल्या तिसऱ्याची. मग तो फावडं टाकून घळीकडे चालू लागला. तिथली झाडं उभी होती. त्याने एका बुंध्याला तळहात लावला आणि जोर देऊन ढकललं. नंतर खांदा लावून ढकललं. झाडाने वरून थोडे थेंब झटकले.

"काय करतोय तो तिकडे?" रिपेकाने विचारलं.

"झाडं बघतोय," मी म्हणाले.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. अगदी छातीत गरम चहा उतरावा तसं बरं वाटलं. गोगलगायीच्या ओळी उभ्या आणि मशीनच्या आडव्या. केरेआमा असता तर त्याने डोळे मिचकावले असते आणि तोंडातून शब्द काढला नसता. मीही काढला नाही. निघताना हाकोपाने त्या तीन झाडांचे बुडखे करवतीने कापून गाडीत टाकले. घर येईपर्यंत हाकोपा न बोलता बसला होता हे मी नंतर सांगूनही कुणाला पटलं नाही.

शनिवारी मराएवर सभा होती. मराए म्हणजे आमच्या कुळाचं सभाघर, त्यापुढचं अंगण आणि मागचा मुदपाकखाना, आणि या तिन्हींपैकी मुदपाकखान्यात खरे निर्णय होतात असं आम्हा बायकांचं मत आहे. सभेत पठाराचं ठरायचं होतं. एका दूधवाल्या कंपनीने ती जमीन पस्तीस वर्षांसाठी मागितली होती. उरलेली झाडं काढायची, गवत पेरायचं, गायी सोडायच्या. एरवी आम्ही कधीच कबूल झालो नसतो. त्या पठाराच्या पायथ्याशी आमचा झरा आहे. या मातीतून पाणी थांबत नाही, सरळ खाली उतरतं. वर पडलेला पाऊस झऱ्यातून निघतो. वर गायी आल्या तर त्यांचं मूतही तिथूनच निघणार, हे कळायला कुणी शिकायला नको. त्या झऱ्यात उगवणारी पालेभाजीच आम्ही डुकराच्या हाडांबरोबर शिजवतो आणि तान्ह्या मुलांच्या कपाळाला लावतो ते पाणीही तिथलंच. पण झाडंच उभी राहत नसतील तर त्या जमिनीचं करायचं काय, या प्रश्नाला कुणाकडे उत्तर नव्हतं. कुळाच्या मंडळाचा अध्यक्ष वेतिनी शहाणा माणूस, पण कंपनी शनिवारपलीकडे थांबायला तयार नव्हती.

गुरुवारी आम्ही मराएच्या मुदपाकखान्यात कुमारा सोलत बसलो होतो. कुमारा म्हणजे आमची रताळी. रिपेका सोलत नव्हती, कापत सुटली होती.

"शेडमध्ये ठेवलेत ते तीन बुडखे," ती म्हणाली. "बादलीवर बसतो आणि बघतो. काल जेवायला बोलावलं तर म्हणतो, भूक नाही. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ऐकलं मी हे."

"मग तुला कळलंय तर."

"मी आंधळी आहे का? गाडीतून दिसत होतं मला." तिने सुरी खाली ठेवली. "पण कळलं म्हणून काय झालं? बोंब मारायची गावभर?"

इतक्यात हाकोपाच दारात आला. त्याला गुडघ्यांमुळे पायरी तिरकी चढावी लागते. तो आला, बाकावर बसला आणि म्हणाला, "शनिवारी मी बोलणार आहे."

"तू दर वेळी बोलतोस."

"झाडांचं बोलणार आहे."

"कुणी विचारलंय तुला?"

"कुणी नाही."

"मग? माती काय अब्रूनुकसानीचा दावा लावणार आहे तुझ्यावर?" रिपेका म्हणाली. "शिव्या खायची सवय आहे तिला. आणखी चार खाईल."

"मातीला शिव्या घालून लोक जमीन देऊन टाकतील, रिपेका."

"देतील तर देतील. पस्तीस वर्षांनी परत येईल. तीन पिढ्या वाट बघितली, आणखी एक बघू. तुझं नाव गेलं तर ते येणार आहे का परत?"

"माझं नाव माझं आहे. त्याचं काय करायचं ते मी बघीन."

आता तिने सुरी पुन्हा उचलली, म्हणून मी टोपली जरा माझ्याकडे ओढली. ती काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तुझं एकट्याचं कसं?" ती म्हणाली. "तू महिने महिने रानात. मी इथं पाच पोरं घेऊन. नळ गोठले, छप्पर गळलं, मधल्याला ताप भरला तेव्हा शेजारच्याच्या ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेला मी. प्रत्येक वेळी काय म्हणून गप्प बसले? म्हटलं, असू दे, माझा नवरा सगळ्यांच्या पुढे आहे. ते मी खाल्लंय रे, हाकोपा. त्याच्यावर पोट भरलंय मी. आता तू उठणार आणि सांगणार, ते सगळं वाकडं होतं म्हणून?"

हाकोपा आपल्या हातांकडे बघत राहिला. मोठे हात आहेत त्याचे, आणि उजव्याची मूठ आता पुरती मिटत नाही.

"सगळं नसेल," तो म्हणाला. "मला माहीत नाही गं. बाकीची झाडं तोडून त्यांचा कागद होऊन गेला. ती कशी होती ते आता कोण सांगणार."

रिपेकाने हातातला कुमारा न कापताच टोपलीत टाकला. मला ते बघवलं नाही, म्हणून मी उठून चहा ठेवला.

शुक्रवारी संध्याकाळी तो माझ्या घरी आला. पायरीवरच बसला. मी तळलेला पाव आणि गोड पाक पुढे ठेवला. तो त्याने खाल्ला, म्हणजे प्रकृती सुधारत होती.

"केरेआमा मला एकदा बोलला होता," तो म्हणाला. "त्याच पठारावर. माझ्या ओळीत आला, एक रोप चिमटीत धरून वर ओढलं आणि म्हणाला, एवढंच कर रे, एवढंसंच."

"तू काय म्हणालास?"

"मी म्हणालो, गोगलगायीनं घोड्याला चालायला शिकवू नये."

"मला नाही सांगितलं त्यानं हे."

"तो कशाला सांगेल? सांगायला वेळ लागतो." तो स्वतःच थोडा हसला आणि थांबला. "तू सांगणार आहेस का उद्या? म्हणजे मी नाही बोललो तर?"

हा प्रश्न मी स्वतःला दोन दिवस विचारत होते. झऱ्यासाठी म्हणून सांगावं असं वाटत होतं, आणि झऱ्याच्या नावाखाली जुना हिशेब चुकता करायला मिळेल असंही वाटत होतं, आणि यातलं कुठलं खरं ते मला ठरवता येत नव्हतं.

"मी कशाला सांगू?" मी म्हणाले. "माझा नवरा मेलाय आणि त्याच्या ओळी उभ्या आहेत. आमचं सगळं सांगून झालंय."

त्याने मान हलवली. जाताना म्हणाला, पाक जरा पातळ झालाय. मी म्हणाले, घरी जा.

शनिवारी सभाघर भरलं होतं. मागच्या भिंतीवर आमच्या मेलेल्यांचे फोटो आहेत. मी केरेआमाच्या खाली बसते. वेतिनीने कंपनीचे कागद वाचून दाखवले. रानाचं बघणारा लॅक्लन नावाचा पाकेहा पोरगा, म्हणजे गोऱ्यांतला, आला होता. तो प्रामाणिकपणे म्हणाला की झाडं का पडली ते मुळं तपासल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि तपासायला त्याला महिना हवा. महिना कुणाकडे नव्हता. मग पाओरा उठला. पाओरा आमच्यातला सगळ्यात म्हातारा. तो म्हणाला, ही माती पहिल्यापासून दळभद्री. आपल्या बापजाद्यांच्या मेंढ्या पोटभर गवत खाऊन उभ्या उभ्या वाळून मेल्या, ते विसरलात? जी मेंढी धरत नाही ती झाड काय धरणार? द्या गायीवाल्यांना आणि सुटा. लोकांनी माना डोलावल्या. त्याच्यामागे त्याच्या घरच्या बायका गायला उभ्या राहिल्या, आणि तो बसला.

आमच्यात तशी रीत आहे. पुरुष बोलतो आणि त्याचं बोलणं संपलं की त्याच्या माणसांनी मागे उभं राहून गाणं म्हणायचं. गाणं म्हणजे, आम्ही याच्या बाजूने आहोत. गाण्याशिवाय भाषण म्हणजे नागडं भाषण. पण त्याच रीतीत बायकांच्या हातात एक मोठं हत्यार आहे. माणूस भरकटला, नको ते बरळायला लागला, तर त्याची बायको मध्येच उठून गाणं सुरू करते. गाणं संपलं की त्याने बसायचं. कुणी कुणाचा अपमान केला असं होत नाही आणि तोंडही बंद होतं. रिपेकाने आजवर हाकोपाला असं कितीदा बसवलं असेल त्याची गणती नाही, आणि बहुतेक वेळा आम्ही तिचे आभार मानलेत.

हाकोपा उठला. काठी टेकून नीट उभा राहिला. त्याने आधी मेलेल्यांना नमस्कार केला, मग जिवंतांना, मग घराला. त्याचा आवाज चांगला लागला होता.

"पाओरा म्हणाला ते तुम्ही ऐकलंत," तो म्हणाला. "माती पोकळ आहे. त्यानं ते माझ्याकडनं ऐकलं. मी आठवडाभर सांगत फिरत होतो. आता मी तुम्हाला..."

रिपेका उठली आणि गायला लागली.

आम्ही सगळ्या उठलो. पाय आपोआप उठतात, सवय आहे. तिने झऱ्याचं गाणं घेतलं होतं, आमच्या कुळाचं, जे पाळण्यातलं पोरही म्हणतं. मी दुसऱ्या ओळीपर्यंत गायले आणि मग मला कळलं की आपण काय करतोय. मी तोंड मिटलं. बाकीच्या गात होत्या. रिपेका छताकडे बघून गात होती, नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत, आणि तिने दोन्ही हातांनी स्कर्ट घट्ट धरला होता. गाणं लांब आहे. तिने त्यातलं एकही कडवं सोडलं नाही.

हाकोपा काठीवर हात ठेवून उभा होता. शेवटच्या कडव्यात तो स्वतःही गायला, खालच्या आवाजात. गाणं संपलं. बायका बसल्या, रिपेका बसली. सगळे त्याच्या बसण्याची वाट बघू लागले.

"छान झालं," हाकोपा म्हणाला. "रिपेका जरा वर चढली, पण छान झालं. मी बसत नाहीये."

कुणीतरी हसलं.

"माती पोकळ नाही," तो म्हणाला. "तिनं सगळ्यांना सारखंच धरलं. केरेआमाच्या ओळीतलं एक झाड पडलेलं नाही. वर जाऊन बघा. पडलीत ती माझी. मी एका घावात लावली, मुळं आत कोंबली आणि पुढे गेलो. रोप वर ओढायचं असतं हे मला माहीत नव्हतं का? होतं. सोळाव्या वर्षापासून माहीत होतं. पण ओढायला वेळ लागतो, आणि मला पहिलं यायचं होतं."

"दुसऱ्यांच्या रानात ठीक आहे रे," पाओरा बसल्या जागेवरून म्हणाला. "आपल्या जमिनीवरसुद्धा?"

"आपल्या जमिनीवर तर जास्तच. तुम्ही सगळे बघत होतात ना."

तो पाओराकडे वळला.

"मेंढ्यांचं म्हणालास, पाओरा. त्या मेल्या तेव्हा आपण म्हटलं, माती शापित आहे. मग कळलं, तिच्यात चिमूटभर कोबाल्ट कमी आहे. चिमूटभर टाकलं आणि मेंढ्या फुगल्या. तेव्हाही मातीची चूक नव्हती, आताही नाही. जमीन द्यायची तर द्या, तुमची आहे. पण मातीनं पाडली म्हणून देऊ नका. मी पाडली. आणि एवढी झाडं एवढ्या वेगानं दुसऱ्या कुणाला पाडता आली नसती, हेही लिहून ठेवा."

एवढं बोलून तो थांबला. त्याचं संपलं होतं.

करार त्या दिवशी झाला नाही. वेतिनीने कागद घडी करून कोटात ठेवले, जेवणानंतर बोलू म्हणाला, आणि जेवणानंतर ठरलं की सोमवारी सगळ्यांनी फावडी घेऊन लॅक्लनबरोबर वर जायचं. मुळं बघितली, कंपनीला नकार कळवला, आणि या हिवाळ्यात पठार पुन्हा लावायला घेतलंय, दोन घावांनी. पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी कुणाचं लक्ष कागदांकडे नव्हतं. हाकोपा सभाघराच्या मधोमध काठी टेकून उभा होता आणि त्याच्या मागे कुणी नव्हतं.

गाणं तर होऊन गेलं होतं. एका भाषणाला एक गाणं. त्याचं बायकोनेच आधी खर्चून टाकलं होतं, आणि दुसरं मागायची आमच्यात सोय नाही. तो खाली बसू शकला असता. बसला नाही. त्याची पोरं जमिनीकडे बघत होती. सबंध जन्मात हाकोपाच्या मागे उभं राहायला माणसं कमी पडलेली मी पाहिली नव्हती.

मला वाटलं होतं, या वेळी मला केरेआमासाठी आनंद होईल. तो झाला नाही. केरेआमाला हाकोपा असा एकटा उभा बघवला नसता.

रिपेका उठली. तिने स्कर्ट सारखा केला, चपला तिथेच ठेवल्या आणि अनवाणी चालत मधोमध गेली. हाकोपाच्या मागे, एका हाताच्या अंतरावर, उभी राहिली. आम्हाला वाटलं, रीत मोडून आता ती दुसरं गाणं घेते की काय. तिने तोंड उघडलं नाही. नुसती उभी राहिली, समोर बघत, गाताना उभी राहते तशीच, ताठ.

मग मीही उठले आणि तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. तिने माझ्याकडे बघितलं नाही, फक्त थोडी सरकून मला जागा दिली.

बाहेर पोरं चेंडू खेळत होती त्याचा आवाज येत होता. एका गाण्याला लागतो तेवढा वेळ गेला असेल. मग रिपेका पुढे झाली, हाकोपाच्या कोपराखाली हात घातला आणि म्हणाली, "चल, बस आता." आणि त्याला हळूहळू, एक एक गुडघा सांभाळत, खाली बसवलं.